कर्नल विल्यम लॅम्ब्टन

रत्नागिरीहून मुंबईस रस्त्याने जावयाचे तर घाट, खाड्या व वळणे ओलांडीत तीनशेहून अधिक किलोमीटर प्रवास घडतो. परंतु विमानाच्या सरळ मार्गाने हेच अंतर सुमारे २२० किलोमीटर भरते. मधल्या डोंगरांवर व पाण्यावर साखळी न धरता हे सरळ अंतर कळते कसे? या देशात त्या विद्येचा भक्कम पाया ज्यांनी घातला, त्या कर्नल लॅम्ब्टन यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

लॅम्ब्टन यांचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात सामान्य कुटुंबात झाला. गणिताची त्यांस उपजत गोडी होती. सैन्यात शिरून ते अमेरिकेत गेले व १७८१ साली यॉर्कटाऊन येथे कैद झाले. पुढे हिंदुस्थानात येऊन १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लढाईत ते होते. युद्ध संपताच द्वीपकल्पाची शास्त्रशुद्ध मोजणी करण्याची योजना त्यांनी सरकारपुढे मांडली.

ता. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ कामास आरंभ झाला. शंभर फुटी पोलादी साखळी सुमारे चारशे वेळा मांडून साडेसात मैलांची एक पायारेषा मोजण्यात आली. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून उष्णमापक ठेवून तेवढाही फरक हिशेबात धरला. त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन कळले म्हणजे उरलेल्या बाजू गणिताने निघतात, हे आमचे विद्यार्थी जाणतातच. त्याच नियमाने टेकडीवरून टेकडीकडे पाहत, त्रिकोणास त्रिकोण जोडीत, ते पश्चिम किनाऱ्यास पोचले. तेव्हा जुन्या नकाशांत सुमारे ४०० मैल दाखविलेली मद्रास ते मंगळूर ही रुंदी केवळ ३६० मैलांच्या आसपास भरली!

तरीही या खर्चाचा उपयोग काय, अशी शंका निघालीच. श्रीरंगपट्टणास जाणाऱ्याने पालखीच्या भोयांस सांगितले की पुरे, असा मद्रासच्या एका अधिकाऱ्याचा युक्तिवाद होता. लॅम्ब्टन डगमगले नाहीत.

१८०८ साली तंजावरच्या मंदिरावर त्यांचे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र चढविताना दोर तुटला व यंत्र भिंतीवर आदळून त्याचे चक्र वाकले. दुसरा कोणी हताश झाला असता. लॅम्ब्टन यांनी सुमारे सहा आठवडे तंबूत बसून ते स्वहस्ते पूर्ववत केले व मोजणी पुढे चालविली.

कन्याकुमारीकडून उत्तरेस चाललेली ही मोजणी वीस वर्षे झाली तरी संपली नव्हती. वय सत्तरीकडे झुकले, खोकल्याने शरीर पोखरले. तरी त्यांनी तळ सोडला नाही. हैदराबादेहून नागपूरकडे जात असता, ता. २० जानेवारी १८२३ रोजी, आपल्या महाराष्ट्रातील हिंगणघाट येथे त्यांचा अंत झाला व तेथेच त्यांस मूठमाती मिळाली.

त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ती रेषा हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. एव्हरेस्टांचे नाव जगातील सर्वोच्च शिखरास लाभले. लॅम्ब्टन यांच्या वाट्यास हिंगणघाटची समाधी आली. परंतु पायाचा दगड दिसत नाही म्हणून इमारतीवरील त्याचा उपकार कमी होत नाही. गणित निरुपयोगी वाटून ज्यांचे मन खचते, त्या आमच्या बालमित्रांनी हे चरित्र ध्यानी धरावे, आणि हिंगणघाटावरून जाण्याचा योग आला तर क्षणभर त्या समाधीपाशी थांबावे.