हेलन केलर यांची मागणी

हेलन केलर यांचे नाव आपल्या शाळांतून चमत्काराचा दाखला म्हणून सांगितले जाते. पाण्याचा पंप, अ‍ॅन सुलिव्हनबाई आणि तळहातावर उमटलेली अक्षरे, एवढ्यावर गोष्ट संपते. वस्तुतः त्यांच्या चरित्रातील मननीय भाग त्यापुढे सुरू होतो.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात २७ जून १८८० रोजी जन्मलेल्या हेलनची दृष्टी व श्रवणशक्ती एकोणीस महिन्यांची असताना आजारात गेली. सुलिव्हनबाई मार्च १८८७ मध्ये आल्या. पुढे तीन वर्षांनी, नॉर्वेतील एक अंध-बधिर मुलगी बोलावयास शिकल्याचे कळताच नऊ वर्षांच्या हेलनने तोच हट्ट धरला. पदरी निराशा येईल म्हणून वडीलधारी कचरत होती. तिने मानले नाही. अखेर बोस्टनच्या बधिर शाळेतील सारा फुलर यांनी तिला शिकवले. तिची वाणी अनोळखी माणसास सहज कळेल अशी कधीच झाली नाही, हे खरे; परंतु प्रयत्न करावयाचा की नाही, हे तिने स्वतः ठरवले.

परीक्षांशी नित्य संबंध येणाऱ्या माझ्यासारख्या अध्यापकास १८९९ मधील प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत सुलिव्हनबाईंना प्रश्न वाचून दाखवण्यास मनाई होती. प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये मिळणार होत्या. दोनच दिवस उरले असता बीजगणिताची एक जुनी प्रश्नपत्रिका हाती आली, तर तीतील चिन्हे अपरिचित अमेरिकन पद्धतीची! हेलनने तत्काळ पत्र लिहून चिन्हांचा तक्ता मागवला व तो परतीच्या टपालाने आला. परीक्षेत गोंधळ उडालाच, पण ती उत्तीर्ण झाली. पदवी १९०४ मध्ये मिळाली.

आमच्या वाळवे तालुक्यातील एखाद्या वर्गात श्रवणयंत्र लावलेला मुलगा फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या गुरुजींना, माझ्याकडे वळून बोला, असे म्हणू शकेल काय? २०१६ च्या कायद्याने त्यास सोयी मागण्याचा हक्क दिला आहे. यंत्र आपण देतो. मागावयास मात्र शिकवत नाही. उलट, गुरुजींना उलटून बोलू नये, हेच घरोघरी शिकवले जाते.

अंधत्वापेक्षा बधिरत्व अधिक जड, कारण ते माणसापासून तोडते, असे हेलन केलर यांचे मत होते. अंधत्वाच्या मुळाशी पुष्कळदा दारिद्र्य व कारखान्यांतील हलाखी असते, हे उमगल्यावर १९०९ मध्ये त्या समाजवादी पक्षात गेल्या. तेव्हा पूर्वी त्यांची मुक्तकंठाने स्तुती करणाऱ्या एका संपादकाने त्यांच्या मतांचा दोष त्यांच्या व्यंगावर ढकलला. त्यांनी त्याला त्याच्या जुन्या स्तुतीची आठवण छापील उत्तरातून करून दिली.