कारकून, शाळा आणि तालीम

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की पळस्प्याच्या पुढे शिरढोण हे गाव येते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी येथे झाला. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि नातवाच्या वाट्याला पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातील कारकुनी आली. फडके यांचे बंड सर्वांना ठाऊक आहे. त्या बंडाआधीची, कचेरी सांभाळून केलेली त्यांची कामे मात्र विस्मृतीत गेली आहेत.

वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. सरकारी मदतीवर विसंबून न राहता आपल्या माणसांनी चालविलेली शाळा ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट होती. पगारदार माणसाने अशा उद्योगात पडावे, हे तर अधिकच.

दुसरीकडे हेच कारकून लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शिष्य म्हणून जात. मांग समाजातील वस्तादापुढे ब्राह्मण कारकुनाने शागिर्दी पत्करणे, हे त्या काळच्या पुण्यात सहजासहजी घडणारे नव्हते. स्वतः शिकलेले दांडपट्टा, तलवार आणि घोडदौड त्यांनी पुढे तरुणांना शिकविले. पत्नी गोपिकाबाई यांनाही त्यांनी लिहावाचायला आणि घोड्यावर बसायला शिकविले. मुलींच्या शारीरिक शिक्षणाबद्दल आपण आजही किती संकोचाने बोलतो, हे पाहिले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. वर्ग आणि तालीम ही एकाच शिक्षणाची दोन अंगे आहेत, हे त्यांनी कोठे लिहून ठेवले नाही. त्यांच्या दिनक्रमातून मात्र ते उघड दिसते.

पुढे ही अंगे तुटली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि शिरढोणच्या उत्तरेस नवी मुंबई वसू लागली. शाळांच्या इमारती उंच झाल्या, पण कित्येक ठिकाणी मैदान म्हणजे प्रार्थनेपुरते फरसबंद अंगण. जमिनीचा भाव चढला की पहिला संकोच होतो तो मुलांच्या मोकळ्या जागेचा, कारण तिचे उत्पन्न कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण हवे असे सांगितले खरे. परंतु सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तेव्हा आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी त्याने नेमायला सांगितला तो अंशकालीन शिक्षक. गणिताला पूर्णवेळ माणूस आणि देहाला अर्धवेळ, ही वाटणी फडके यांच्या तालमीत कोणाला पटली नसती.

१८७६ नंतरच्या दुष्काळाने त्यांची कारकुनी संपविली. १८७९ मध्ये रामोशी व इतर साथीदारांसह त्यांनी बंड केले. त्याच वर्षी जुलैत ते पकडले गेले आणि जन्मठेपेवर एडनला रवाना झाले. फेब्रुवारी १८८३ मध्ये कोठडीचे दार बिजागरीतून उखडून ते तुरुंगाबाहेर पडले. सुटका अल्पकाळाचीच ठरली. १७ फेब्रुवारी रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. वय होते अवघे ३७. त्यांची शाळा मात्र टिकली. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने ती संस्था आजही चालू आहे आणि पनवेल परिसरातही तिच्या शाळा भरतात.