छातीवरचा बिल्ला आणि डॉ. होमी भाभा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी संतांची, समाजसुधारकांची, स्वातंत्र्यवीरांची चरित्रे येतात. यंदा कार्यकारिणीने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा एका शास्त्रज्ञाबद्दल लिहावे असे ठरवले. त्यालाही कारण आहे. आम्ही क्ष-किरण विभागात काम करणारे, डिप्लोमा झालेले साधे वर्ग-३ चे सरकारी कर्मचारी. लिंबायत, उधना, डिंडोलीकडून येणारी आपली मराठी, खानदेशी माणसे एक्स-रे काढायला आली की आमच्या छातीवरच्या छोट्या बिल्ल्याकडे बघतात आणि हा कसला बिल्ला, म्हणून विचारतात. या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर डॉ. होमी भाभांचे चरित्र सांगावे लागते.

डॉ. भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 रोजी मुंबईत एका सुशिक्षित पारशी घराण्यात झाला. वडील जहांगीर भाभा वकील होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. म्हणजे नवसारीच्या जमशेटजी टाटांच्या घराशी त्यांचे जवळचे नाते होते. नवसारी तर आपल्या सुरतेच्या शेजारीच. होमी शाळकरी वयाचे असल्यापासून घरात पुस्तके, चित्रे आणि पाश्चात्त्य संगीत यांचा सहवास होता. पुढे ते स्वतः उत्तम चित्रे काढत.

1927 साली ते इंग्लंडला केंब्रिजला गेले. मुलाने इंजिनिअर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, ही घरच्यांची इच्छा. मुलाचे मन मात्र पदार्थविज्ञानात गुंतलेले. त्यांनी वडिलांना तसे स्पष्ट कळवले. आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग हवे ते शिक, अशी अट वडिलांनी घातली. मुलाने 1930 साली ती पुरी केली आणि आपली वाट धरली. विश्वकिरणांवरील संशोधनामुळे त्यांचे नाव जगभर झाले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, हे त्यांनी गणिताने दाखवले. त्या क्रियेला आजही भाभांचेच नाव आहे.

1939 साली ते सुट्टीवर मायदेशी आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या विभागात ते रुजू झाले. 1941 साली, बत्तिशीच्या आतच, लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. परदेशात मोठ्या जागा मिळाल्या असत्या, पण आपल्याच देशात काम उभे करायचे, हे त्यांनी मनाशी पक्के केले. मार्च 1944 मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले आणि 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. 1948 साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्ष तेच. 1954 साली तुर्भे येथे अणुशक्ती केंद्र आले. 4 ऑगस्ट 1956 रोजी तिथे अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. त्यांनी आखलेल्या वाटेनेच पुढे बोईसरजवळ तारापूर आणि आपल्या तापीकाठी काकरापार येथे वीज तयार होऊ लागली.

एवढे चरित्र शाळेच्या पुस्तकातही असते. आम्हाला सांगायचे आहे ते त्यापुढचे.

किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही. त्याला वास नाही, चव नाही, चटका नाही. जास्त लागला तरी त्या क्षणी माणसाला समजत नाही. एक्स-रे आणि रेडियम नवे होते, तेव्हा जगभर कितीतरी डॉक्टरांनी आणि तंत्रज्ञांनी आपली बोटे, हात, प्रसंगी जीवही गमावला. मादाम क्युरींचा अंतही अशा दीर्घ संपर्कातून जडलेल्या रक्ताच्या आजाराने झाला, असे मानतात. डॉ. भाभांना हे सगळे ठाऊक होते. त्यामुळे तुर्भ्याला अणुभट्ट्या उभ्या राहत होत्या, तेव्हाच कामगारांच्या आरोग्याची राखण करणारा स्वतंत्र विभागही उभा राहिला. डॉ. ए. के. गांगुली यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी तो घडवला. छातीवर फिल्मचा बिल्ला लावून प्रत्येकाला किती किरणोत्सर्ग लागला, हे मोजण्याची पद्धत आपल्याकडे 1950 च्या दशकातच आली.

फेब्रुवारी 1960 मध्ये डॉ. भाभांनी कचेरीत एक लेखी आदेश काढला. किरणोत्सर्गी पदार्थ अशा रीतीने हाताळावेत की केंद्रातल्या कामगाराला किंवा बाहेरच्या कोणालाही इजा होऊ नये, असा त्याचा आशय होता. पण ते तिथे थांबले नाहीत. देशातल्या इतर संस्थांना कित्ता म्हणून दाखवता येईल, इतके आपले काम चोख असले पाहिजे, हेही त्यांनी त्यात घातले. सरकारी नोकरीत आम्ही पुष्कळ परिपत्रके पाहिली. आपल्या खात्यापलीकडच्या माणसाची इतकी काळजी करणारे क्वचितच दिसले.

रुग्णालयांचा विचारही त्यांच्या मनात होता. आत्या मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या दुःखातून टाटांनी परळला 1941 साली टाटा मेमोरियल रुग्णालय उभारले. सुरतेतून फ्लाइंग राणीने पहाटे निघून तिथे पेशंटला घेऊन गेलेली घरे आपल्या मंडळातही असतील. 1962 साली हे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आले, कारण कर्करोगाच्या उपचारात किरणोत्सर्गाचे काम वाढत जाणार, हे डॉ. भाभांनी ओळखले होते. त्याच वर्षी तुर्भ्याला रुग्णालयांसाठी किरण-भौतिकीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि अणुऊर्जा कायदाही झाला.

24 जानेवारी 1966 रोजी व्हिएन्नाच्या बैठकीला जाताना एअर इंडियाचे कांचनगंगा विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर कोसळले आणि डॉ. भाभा गेले. वय अवघे छप्पन्न. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव दिले गेले.

माणूस गेला, पण शिस्त राहिली. 1983 साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. आज विद्यापीठाची प्रयोगशाळा असो वा त्याला जोडलेले रुग्णालय, तिथे नेमलेला रेडिएशन सेफ्टी ऑफिसर आणि परवाना लागतो. आमच्यासारख्यांना वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, आणि कोणत्याही एका वर्षात 30 च्या वर जाता येत नाही. फिल्मच्या जागी आता टीएलडी बिल्ला आला. त्यात तीन छोट्या चकत्या असतात. त्या तापवल्या की लागलेल्या किरणांच्या प्रमाणात प्रकाश देतात. दर तीन महिन्यांनी बिल्ले मोजणीला जातात.

इथे आमची एक चूक कबूल करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एकदा घाईघाईत आम्ही लेड एप्रन काढून एक्स-रेच्या खोलीतच खुंटीला टांगला, बिल्ला त्यावरच राहिला. काही दिवस तो तसाच होता. मोजणीत आकडा नेहमीपेक्षा मोठा आला आणि चौकशीचे पत्र आले. खरे कारण लिहून देताना लाज वाटली. पण त्या रात्री घरी आल्यावर एक गोष्ट मनात आली. सुरतेतल्या एका साध्या कर्मचाऱ्याच्या अंगाला किती किरण लागले, हे कोणीतरी मोजते आणि आकडा वाढला तर विचारते. ही काळजी डॉ. भाभांच्या पिढीने लावून दिलेली आहे. बिल्ला काही किरण अडवत नाही, तो फक्त साक्ष देतो. अडवायचे काम शिसे, अंतर आणि आपली सावधगिरी यांचेच.

सावधगिरी सुटली की काय होते, ते 2010 साली दिल्लीत दिसले. दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत 25 वर्षे पडून असलेले कोबाल्टचे यंत्र लिलावात भंगारात गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडले गेले. अनेकांना इजा झाली आणि एक मजूर दगावला. त्या बिचाऱ्याच्या छातीवर कसलाही बिल्ला नव्हता. बाहेरच्या कोणालाही इजा होऊ नये, हे डॉ. भाभांनी पन्नास वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते.

वाचकहो, आपल्या समाजातली बरीच मुले-मुली आता एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या केंद्रांत नोकरीला लागत आहेत. त्यांना पगाराबरोबर एवढे जरूर विचारा, बिल्ला मिळाला का, आणि मिळाला तर रोज लावतोस का? आणि आपण पेशंट म्हणून गेलो, तर एक्स-रेला उगाच घाबरू नये. छातीचा एक एक्स-रे म्हणजे निसर्गातून मिळणाऱ्या काही दिवसांच्या किरणांइतकाच. सीटी स्कॅनचे प्रमाण मात्र त्याच्या कित्येक पट असते, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हट्टाने मागू नये. दिवस गेलेले असतील किंवा तशी शंका असेल, तर भगिनींनी संकोच न करता आधी सांगावे.

गजानन ही विद्येची देवता, आणि विघ्ने दूर करणारीही. विद्या मिळवताना तिच्यातले विघ्नही ओळखायचे आणि दुसऱ्याला त्याची झळ लागू द्यायची नाही, हे डॉ. भाभांनी कामातून शिकवले. बाप्पाच्या चरणी हीच बुद्धी आम्ही मागतो. गणपती बाप्पा मोरया!