कोठार आणि चक्की

संगणकाच्या तासाला तुम्ही स्प्रेडशीट उघडता. एका चौकटीतील आकडा बदलला, की खालची बेरीज आपोआप बदलते. दोनशे वर्षांपूर्वी गणिताचे मोठमोठे तक्ते माणसे हाताने तयार करीत. अशी आकडेमोड करणाऱ्या माणसालाच तेव्हा इंग्रजीत कॉम्प्युटर म्हणत! माणूस चुके, छापणाराही चुके, आणि त्याच तक्त्यांवर विसंबून जहाजे समुद्रात जात.

या चुकांनी चार्ल्स बॅबेज बेचैन झाले. त्यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनमध्ये झाला. केंब्रिजला ते गणित शिकले. १८२१ मध्ये आपले मित्र जॉन हर्शेल यांच्यासोबत ते खगोलशास्त्राचे तक्ते तपासत होते. चुकांमागून चुका निघाल्या. तेव्हा हे काम यंत्राकडूनच करून घ्यायचे, असे त्यांनी मनात घेतले.

ते कसे? तुम्हीच वहीत १, ४, ९, १६, २५ हे वर्ग लिहा. लगतच्या संख्यांतील फरक ३, ५, ७, ९ येतात. आता या फरकांतील फरक काढा. प्रत्येक वेळी २! म्हणून ९ मध्ये २ मिळवा, ११ आले; ते २५ मध्ये मिळवा, ३६ आले. गुणाकार करावाच लागला नाही. आणि बेरीज तर दातेरी चाकेही करू शकतात. हेच बॅबेज यांचे डिफरन्स इंजिन.

सरकारने पैसा दिला. पण कारागिराशी तंटा होऊन १८३३ मध्ये काम थांबले. १८४२ मध्ये सरकारने हात काढून घेतला. तोवर सुमारे १७,००० पौंड खर्च झाले होते आणि यंत्राचा एक तुकडाच तयार होता. सारा दोष सरकारचा म्हणता येत नाही. पहिले यंत्र अपुरे असतानाच बॅबेज १८३४ पासून दुसऱ्याच्या मागे लागले होते.

हे दुसरे, म्हणजे अॅनालिटिकल इंजिन, मात्र विलक्षण होते. त्यात संख्या साठवण्याचे कोठार होते. आज आपण त्याला मेमरी म्हणतो. हिशेब करणारी चक्की होती. तो आजचा प्रोसेसर. यंत्राला हुकूम मिळणार होते भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून. ही युक्ती फ्रान्समधील जॅकार्डच्या मागावरची. तेथे अशाच पुठ्ठ्यांनी कापडावर नक्षी उतरत असे. एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ मध्ये या यंत्रासाठी गणिताची कृती पायरी-पायरीने लिहून प्रसिद्धही केली. यंत्र मात्र कागदावरच राहिले.

१८ ऑक्टोबर १८७१ रोजी बॅबेज वारले. मागे आराखडे उरले, पूर्ण झालेले मोठे यंत्र एकही नाही. डिफरन्स इंजिनचा एक सुधारलेला आराखडाही त्यांत होता. त्यावरून लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये त्याचा हिशेबाचा भाग बांधला. दांडा फिरवला, चाके फिरली आणि उत्तरे बरोबर आली.