केमोथेरपीच्या गोळीमागचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

काशीच्या घाटांवर यात्रेकरूंना केळी विकायची आणि श्रीमंत व्हायचे, असा बेत करून आंध्रातील १३ वर्षांच्या एका मुलाने घर सोडले होते. बेत फसला. मुलाला घरी परत आणण्यात आले आणि आईने त्याची पुन्हा शाळेत रवानगी केली. हा मुलगा म्हणजे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलेले मेथोट्रेक्सेट हे औषध आज जगभर रक्ताच्या कर्करोगावर आणि संधिवातावर दिले जाते. हे औषध सुरू असताना चहा-कॉफी घ्यावी की नाही, असा प्रश्न अनेक रुग्णांना पडतो. त्याच्या उत्तराचा धागा सुब्बाराव यांच्याच दुसऱ्या एका शोधाशी जुळलेला आहे.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी भीमावरम येथे झाला. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. संन्यास घेऊन रामकृष्ण मिशनमध्ये जाण्याची त्यांची इच्छा होती. तेथून त्यांना वैद्यकशास्त्र शिकण्याचा सल्ला मिळाला. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात असताना गांधीजींच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचे कपडे घालण्यास सुरुवात केली. इंग्रज प्राध्यापकांची त्यामुळे नाराजी ओढवली आणि त्यांना पूर्ण पदवीऐवजी दुय्यम प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. स्प्रू या आतड्यांच्या विकाराने त्यांचे दोन भाऊ दगावले होते. हे दुःख त्यांच्या मनातून कधीच गेले नाही.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीस पत्नीला मायदेशी ठेवून ते बोस्टनला गेले. हार्वर्डमध्ये शिकत असताना पोटासाठी त्यांनी पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात रात्रपाळीचे हमालकाम केले. सायरस फिस्क यांच्यासमवेत त्यांनी फॉस्फरस मोजण्याची जी पद्धत १९२५ मध्ये प्रसिद्ध केली, ती जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही दोघांच्या नावाने शिकवली जाते. त्याच संशोधनातून १९२९ मध्ये ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट अर्थात एटीपी हा पेशींना ऊर्जा पुरवणारा पदार्थ त्यांना स्नायूंमध्ये सापडला. जर्मनीत कार्ल लोहमान हेही त्याच वेळी या शोधापर्यंत पोहोचले होते. एवढ्या कामानंतरही हार्वर्डने सुब्बाराव यांना कायम नेमणूक दिली नाही. १९४० मध्ये त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेची वाट धरली. हार्वर्डचे हे नुकसानच म्हणावे लागेल.

लेडर्लीत त्यांच्या पथकाने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले. या जीवनसत्त्वाची चाहूल प्रथम लागली ती मुंबईत. हाफकिन संस्थेत काम करताना ल्युसी विल्स यांना गिरणगावातील गरोदर स्त्रियांचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होत असल्याचे आढळले होते. स्प्रूवरही फॉलिक आम्ल गुणकारी ठरले. मात्र बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना ल्युकेमिया झालेल्या मुलांमध्ये उलटाच अनुभव आला. फॉलिक आम्लाच्या संयुगांनी रोगाला जोर चढत होता. तेव्हा फॉलिक आम्लासारखेच दिसणारे, पण पेशीची फसगत करून तिची वाढ रोखणारे रेणू सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले. त्यांतील अमिनोप्टेरिन देऊन १६ पैकी १० मुलांचा आजार काही काळ मागे हटल्याचे फार्बर यांनी जून १९४८ मध्ये जाहीर केले. तोपर्यंत या आजारावर उपाय असा नव्हताच.

त्यानंतर दोनच महिन्यांत, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव यांचे झोपेत निधन झाले. ते ५३ वर्षांचे होते. भारतात ते परतले नाहीत आणि अमेरिकेचे नागरिकही झाले नाहीत. अमिनोप्टेरिनची जागा पुढे त्याच कुळातील अधिक सुरक्षित मेथोट्रेक्सेटने घेतली.

कर्करोगावर मोठ्या मात्रेत दिलेले मेथोट्रेक्सेट पेशीविभाजन थांबवते. संधिवातात मात्र ते आठवड्यातून एकदा, अल्प मात्रेत घ्यायचे असते. या अल्प मात्रेमुळे पेशींबाहेर ॲडेनोसिन वाढते आणि सांध्यांची सूज उतरते, असे मानले जाते. ॲडेनोसिन हा एटीपीचाच घटक असून एटीपीच्या विघटनातून तो मोकळा होतो. ॲडेनोसिन पेशीवर ज्या जागी चिकटते, ती जागा कॅफिन अडवते. कॉफीने झोप उडते ती याच कारणाने. साहजिकच कॅफिन औषधाच्या आड येत असावे, अशी शंका घेतली गेली. इस्राएलमधील ३९ संधिवाताच्या रुग्णांच्या २००३ मधील अभ्यासात, दिवसाला १८० मिलिग्रॅमहून अधिक कॅफिन घेणाऱ्यांना गुण कमी आल्याचे दिसले. हे प्रमाण साधारणतः दोन पेले कॉफीचे आहे. मात्र २००६ मध्ये बोस्टनच्या २६४ रुग्णांच्या अभ्यासात असा परिणाम आढळला नाही. हा अभ्यास ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयाचा. सुब्बाराव यांनी जेथे हमाली केली, त्याच रुग्णालयाचे हे आजचे रूप!

कर्करोगाच्या मोठ्या मात्रेचे गणित निराळे आहे. तेथे औषध मूत्रपिंडांवाटे लवकर बाहेर पडावे म्हणून लघवी अल्कधर्मी राखली जाते. कोला पेयामुळे हे औषध शरीरात रेंगाळल्याचे फ्रान्समधील डॉक्टरांनी २०१० मध्ये नोंदवले. तेथे दोष कॅफिनचा नव्हता, पेयातील आम्लाचा होता. काही वेदनाशामके आणि कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक यांचा धोका मात्र चहा-कॉफीपेक्षा कितीतरी मोठा आहे. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्याने जीवही गेले आहेत. ही औषधे डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत, तसेच चहासाठी गोळी परस्पर बंद करू नये.

वाराणसीत टाटा स्मारक केंद्राच्या दोन कर्करोग रुग्णालयांचे उद्घाटन फेब्रुवारी २०१९ मध्ये झाले. त्यांपैकी एक बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात आहे. सुब्बाराव यांच्या स्मरणार्थ भारतीय टपाल खात्याने १९९५ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, तिकीट काढले होते.