अडीच गुंठ्यांतला वाटाणा आणि शेतकऱ्याचा मुलगा मेंडेल

संकरित बियाणे दर हंगामाला विकतच का घ्यावे लागते, घरचे राखून का चालत नाही, हा प्रश्न गावोगावच्या शेतकरी मेळाव्यात हमखास निघतो. कुणाला वाटते ही कंपन्यांची चाल आहे. कुणाला वाटते बियाण्यात काहीतरी मारलेले असते. या प्रश्नाचे खरे उत्तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी युरोपातल्या एका मठाच्या बागेत सापडले. ते शोधणारा माणूस एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याचे नाव ग्रेगोर मेंडेल. शाळेच्या पुस्तकात आपण हे नाव वाचतो, परीक्षेपुरते पाठ करतो आणि सोडून देतो. पण त्यांचे आयुष्य शेतकऱ्याने समजून घ्यावे असे आहे.

वेठबिगारीचे घर

मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मधला. आज ज्याला चेक प्रजासत्ताक म्हणतात तिथल्या एका लहान खेड्यात ते जन्मले. तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. जन्मनाव योहान. वडील अंतोन यांची थोडी जमीन होती, पण आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावे लागे. म्हणजे वेठच. उरलेल्या दिवसांत घरची शेती, फळझाडे आणि मधमाश्या. आई माळ्याची लेक. त्यामुळे झाडाला कलम कसे बांधायचे आणि माश्यांची पेटी कशी सांभाळायची, हे पोराला घरातच कळले. गावच्या शाळेतही फळबाग आणि मधमाशीपालन शिकवत असत.

पोरगा हुशार निघाला. शिक्षकांनी पुढे शिकवायचा सल्ला दिला. बाहेरगावी शाळेत घातले, पण खाणावळीचे पूर्ण पैसे भरण्याची ऐपत नव्हती. अर्ध्या जेवणाचे पैसे भरायचे आणि उरलेले पोट गावाकडून कुणाबरोबर तरी आलेल्या पाव-लोण्यावर भागवायचे, असे दिवस काढले. १८३८ मध्ये लाकूडतोडीच्या कामात वडिलांच्या अंगावर ओंडका पडला. ते पुन्हा धडपणे उभे राहिले नाहीत. पुढे शेत थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या नावे करावे लागले.

अशा वेळी धाकटी बहीण तेरेझिया हिने स्वतःच्या लग्नासाठी ठेवलेल्या वाट्यातला काही भाग भावाच्या शिक्षणाला दिला. शेतकऱ्याच्या घरात याची किंमत काय असते हे वेगळे सांगायला नको. मेंडेल हे कधी विसरले नाहीत. पुढे दिवस पालटले तेव्हा तेरेझियाच्या तिन्ही मुलांचे शिक्षण त्यांनी केले. त्यातले दोघे डॉक्टर झाले.

मठात प्रवेश, परीक्षेत नापास

१८४३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते ब्रनो शहरातल्या सेंट थॉमस मठात दाखल झाले. तिथे त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले. पोटाची चिंता मिटावी आणि शिकता यावे, हा हिशेबही त्यात होता. हा मठ म्हणजे नुसते प्रार्थनेचे ठिकाण नव्हते. मठाच्या जमिनी होत्या, बाग होती, ग्रंथालय होते.

त्या काळी ब्रनो हे लोकरी कापडाचे मोठे ठिकाण. आसपासचे लोक चांगल्या लोकरीसाठी मेंढ्यांची निपज सुधारायच्या मागे लागलेले. त्यासाठी १८१४ पासून मेंढीपालकांची संस्था काम करत होती. चांगला मेंढा आणि चांगली मेंढी यांचे पिल्लू कधी चांगले निघते, कधी नाही, असे का होते यावर तिथे वाद चालत. मठाचे प्रमुख सिरिल नॅप हे या चर्चेत असत. आई-बापाकडून पिल्लात नक्की काय उतरते आणि कसे उतरते, हाच खरा प्रश्न आहे, असे त्यांनी १८३७ मध्येच मांडले होते. मेंडेल अशा माणसाच्या हाताखाली आले, हे त्यांचे भाग्य म्हणायचे.

मेंडेल यांना शिक्षक व्हायचे होते. १८५० ची शिक्षक-परीक्षा ते नापास झाले. मग मठाने त्यांना १८५१ ते १८५३ अशी दोन वर्षे व्हिएन्नाच्या विद्यापीठात पाठवले. तिथे पदार्थविज्ञान, गणित आणि वनस्पतिशास्त्र शिकले. मोजणी करून विचार करायची सवय तिथे पक्की झाली. १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेला बसले, पण प्रकृती बिघडली आणि तीही हातची गेली. १८५४ पासून चौदा वर्षे त्यांनी शाळेत शिकवले ते बदली शिक्षक म्हणूनच. कायमची ऑर्डर कधी निघाली नाही.

बागेतले रोजचे काम

मठाच्या आवारात त्यांना बागेची एक पट्टी मिळाली होती. लांबी सुमारे ३५ मीटर, रुंदी ७ मीटर. आपल्या हिशेबाने अडीच गुंठेसुद्धा भरत नाहीत. एवढ्या जागेत हे काम झाले.

त्यांनी बियाणे विकणाऱ्यांकडून वाटाण्याचे ३४ वाण आणले. लगेच प्रयोगाला हात घातला नाही. दोन वर्षे नुसते लावून पाहिले, की वाण शुद्ध आहे का, दरवर्षी तसाच येतो का. त्यातून २२ निवडले. मग सात गोष्टी ठरवल्या. दाणा गोल की सुरकुतलेला, दाणा पिवळा की हिरवा, झाड उंच की बुटके, अशा. फरक डोळ्यांना स्पष्ट दिसला पाहिजे, ही अट.

१८५६ ते १८६३ अशी आठ वर्षे हे चालले. शाळा सुटली की बाग. वाटाण्याच्या वेलांना काठ्या आणि दोऱ्यांचा आधार द्यायचा. कळी उमलण्याआधी ती हलक्या हाताने उघडायची आणि आतले दहाही पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे. मग दुसऱ्या वाणाचे पराग आणून लावायचे आणि फूल झाकून ठेवायचे. वाटाण्याचे फूल आपले आपणच फळते, म्हणून हे काम वेळेवर झाले नाही तर फुकट जाते. किड्यामुळे गफलत होऊ नये म्हणून काही झाडे कुंडीत लावून फुलोऱ्याच्या दिवसांत काचघरात ठेवली. तरी भुंगेऱ्याचा त्रास झालाच. शेंगा वाळल्या की सोलायच्या, दाणे वेगळे करायचे, मोजायचे, वहीत मांडायचे. आठ वर्षांत २७ ते २८ हजार झाडे हाताखालून गेली.

सोळा आण्यांचा हिशेब

आता मुद्द्याचे. गोल दाण्याचा वाण आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाण यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुती गेली कुठे? मेंडेल यांनी तेच दाणे पुन्हा पेरले आणि झाडांना आपोआप फळू दिले. दुसऱ्या पिढीत ७,३२४ दाणे मिळाले. त्यात ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. रंगाच्या प्रयोगात ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे. सातही गुणांत हेच प्रमाण.

आणेवारीच्या भाषेत सांगायचे तर बारा आणे एका तऱ्हेचे, चार आणे दुसऱ्या तऱ्हेचे. म्हणजे सुरकुतीचा गुण नाहीसा झालाच नव्हता, तो दबून बसला होता. पुढच्या पिढीत तर आणखी गंमत दिसली. त्या बारा आण्यांतले फक्त चार आणे खरे शुद्ध निघाले. उरलेले आठ आणे वरून तसेच दिसत, पण पेरले की पुन्हा फुटत.

संकरित बियाण्याचे कोडे इथेच सुटते. संकरित वाणाची पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार असते. आपल्या देशात १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, १९७० मध्ये सुरतला एच-४ हा संकरित कापूस आला, तेव्हा शेतकऱ्यांनी हा जोम डोळ्यांनी पाहिला. पण त्याच शेतातले बी राखून पुढच्या वर्षी पेरले, की आत दबलेले गुण वेगवेगळे होऊन बाहेर पडतात. एक ताट उंच, एक बुटके, एक लवकर निसवते, एक उशिरा. शेत म्हणजे खिचडी होते आणि उतार घटतो. यात कुणाची चाल नाही. हा निसर्गाचा हिशेब आहे.

मधमाश्या, जप्ती आणि दुर्लक्ष

मेंडेल यांनी हे काम १८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये ब्रनोच्या निसर्ग-अभ्यासकांच्या सभेत दोन बैठकांत वाचून दाखवले. १८६६ मध्ये ते छापून आले. त्यांनी ४० प्रती वेगळ्या काढून घेतल्या आणि काही जाणकारांना पाठवल्या. फारसे कुणी लक्ष दिले नाही. म्युनिकचे वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांनी पत्रव्यवहार केला, पण त्यांना हे पटले नाही. त्यांच्या आवडीच्या एका रानफुलावर मेंडेल यांनी पुढे बरीच वर्षे घालवली. त्या फुलाचे बी फलन न होताच तयार होते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे वाटाण्याचा नियम तिथे दिसेना. बारीक फुलांवर काम करून डोळ्यांनाही त्रास झाला.

१८६८ मध्ये ते मठाचे प्रमुख झाले. कारभार वाढला, बाग मागे पडली. तरी हात मातीत राहिले. सफरचंद आणि नासपतीच्या झाडांवर काम केले. मठामागच्या उतारावर मधमाश्यांसाठी घर बांधले, बाहेरून निरनिराळ्या जातींच्या माश्या आणल्या. त्यांचाही संकर करायचा प्रयत्न केला. पण राणी माशी नराशी उडता उडता, मोकळ्या हवेत संयोग करते. तिला बंद जाळीत ठेवून ते जमले नाही. पाऊस, तापमान यांच्या नोंदी मात्र वर्षानुवर्षे दररोज ठेवल्या. आपल्या जन्मगावी आगीचा बंब ठेवायची सोय व्हावी म्हणून देणगीही दिली.

१८७४ मध्ये सरकारने मठांवर नवा कर बसवला. हा कर अन्यायाचा आहे, असे मेंडेल यांचे ठाम मत. त्यांनी तो भरला नाही. मठाच्या मालमत्तेवर जप्ती आली, जवळचे लोक तडजोड कर म्हणाले, तरी शेवटपर्यंत ते हटले नाहीत. ६ जानेवारी १८८४ रोजी ते वारले. अंत्ययात्रेला गर्दी झाली ती मठाचा प्रमुख आणि गोरगरिबांचा आधार गेला म्हणून. वाटाण्याचे महत्त्व जाणणारा त्यात कुणी नव्हता. मागे राहिलेली त्यांची बरीच कागदपत्रे जाळून टाकण्यात आली.

सोळा वर्षांनी, १९०० मध्ये, तीन देशांतल्या तीन शास्त्रज्ञांच्या हाती तसेच आकडे आले. जुने कागद चाळले तर हे काम ३४ वर्षांपूर्वीच छापलेले निघाले. आज पिकांची पैदास असो की शेळ्या-मेंढ्यांची, त्याचा पाया तोच आहे.

आपण काय घ्यायचे?

शेतकरी बंधू-भगिनींनो, मेंडेल यांचा धडा बांधावर असा वापरावा. संकरित वाण लावला असेल तर त्याचे बी राखू नका आणि खरेदीची पावती व पिशवी जपून ठेवा. पण सगळेच बियाणे दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. गहू, हरभरा, सोयाबीन ही पिकेही वाटाण्यासारखी आपली आपणच फळतात. त्यांचे सरळ, सुधारित वाण घरी राखता येतात. राखायच्या प्लॉटमध्ये फुलोऱ्याच्या वेळी फिरा आणि वेगळ्या रंगाचे, वेगळ्या उंचीचे झाड उपटून टाका. तुरीत माश्यांमुळे थोडाफार संकर होतो, म्हणून शेजारी दुसरा वाण असेल तर शेताच्या मधोमध असलेले बी घ्या. सोयाबीन पेरण्यापूर्वी १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण तपासा. ७० किंवा जास्त उगवले तरच ते बी पेरणीला घ्या.

आणि एक वही ठेवा. कोणता वाण, कधी पेरला, किती उतार पडला. ग्रामसेवक आणि कृषी सहायकांनी गावातल्या दहा-वीस घरांत तरी ही सवय लावली, तर पुढच्या हंगामात वाण निवडताना कुणाच्या ऐकीव गोष्टीवर विसंबायची वेळ येणार नाही. अडीच गुंठ्यांतल्या त्या माणसाकडेही चिमटा, दोरी आणि वही यापेक्षा फार काही नव्हते.