चित्रकार राजा : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

आपल्या छत्रपती संभाजीनगरातून शाळेची सहल निघाली की ती वेरूळला नाहीतर अजिंठ्याला जाणार, हे ठरलेलंच. लेणी बघायची, फोटो काढायचे, डबा खायचा आणि परत! पण याच दोन्ही लेण्यांवर एका राजाने पुस्तकं लिहिली आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? वेरूळचं पुस्तक 1929 चं, अजिंठ्याचं 1932 चं. तेव्हा ही लेणी निजामाच्या मुलखात होती आणि हा राजा होता साताऱ्याकडच्या छोट्याशा औंध संस्थानचा.

त्यांचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. जन्म 1868 चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि 1909 मध्ये गादीवर आले. संस्थान केवढं, तर जेमतेम बहात्तर गावांचं. तेही सलग नाही, इकडेतिकडे विखुरलेलं.

चित्रकला हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा नव्हता, पण वेळ घालवायचा छंदही नव्हता. 1916 मध्ये त्यांचं चित्ररामायण छापून निघालं. राजवाड्याच्या भिंतीवरचं चित्र मोजकेच लोक बघतात, छापलेलं मात्र घरोघरी पोचतं. पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली, तेव्हा बाळासाहेबांनी भरघोस पैसा दिला आणि चित्रं काढायचं कामही अंगावर घेतलं.

आता इथे खरी अडचण बघा. द्रौपदीला नेसवायचं काय? अर्जुनाचा मुकुट कसा दाखवायचा? आपल्या डोळ्यांसमोर येतात त्या कॅलेंडरवरच्या भरजरी साड्या! बाळासाहेबांनी ही चित्रं प्राचीन शिल्पं आणि चित्रांच्या आधाराने काढायचं ठरवलं. महाभारताच्या त्या खंडांच्या मुखपृष्ठावर तसा स्पष्ट उल्लेख छापलेला आहे. चित्रकार म्हणून ते राजा रविवर्म्यांच्या तोडीचे होते असं मला वाटत नाही. पण मनाला येईल ते न रंगवता आधी पुरावा शोधायचा, हा त्यांचा हट्ट मला फार मोलाचा वाटतो.

त्यांचे बाकीचे उद्योग सांगायला जागा पुरायची नाही. सूर्यनमस्कारांचा प्रसार त्यांनी केला, कीर्तनंही केली. कारखान्यासाठी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली, तीच आजची किर्लोस्करवाडी. 1935 च्या इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

1938 मध्ये त्यांनी औंधला संग्रहालय उभारलं. रविवर्म्यांची चित्रं तिथे आहेतच, शिवाय हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं माय-लेकराचं दगडी शिल्पही आहे. खेड्यात, बरं का! त्याच सुमारास महात्मा गांधींच्या सल्ल्याने त्यांनी आणखी मोठं पाऊल उचललं. 1939 मध्ये नवी राज्यघटना लागू झाली आणि राज्यकारभार ग्रामपंचायतींकडे व लोकांच्या प्रतिनिधींकडे गेला. इतर संस्थानिक आपली गादी सांभाळत होते तेव्हाची ही गोष्ट. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहतही तेव्हाचीच.

स्वातंत्र्यानंतर औंध भारतात विलीन झालं आणि 1951 मध्ये बाळासाहेब गेले. महाभारताची ती आवृत्ती पूर्ण व्हायला मात्र 1966 साल उजाडलं. पुढच्या सहलीत अजिंठ्याला गेलात की भिंतीवरच्या माणसांचे मुकुट, हार आणि नेसण नीट निरखून बघा. जमलं तर वहीत एखादा मुकुट काढून आणा, वर्गात लावू.